उन्हाळ्याआधी छताचं इन्सुलेशन कसं करून घ्यायचं: टिन, कवेलू आणि स्लॅबच्या घरांसाठी

आपल्या विदर्भात घर बांधताना पाया किती खोल, सळई कोणत्या कंपनीची, समोरच्या टाइल्स कोणत्या, या सगळ्याची चर्चा महिनाभर चालते पण छत किती तापेल हे कोणी विचारत नाही, आणि मग मे महिन्यात घरातले म्हातारे माणसं आणि लहान लेकरं दुपारभर भट्टीत बसल्यासारखे बसतात. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं तर दरवर्षी टीव्हीवर असतातच. एवढ्या उन्हात कूलर एकटा काही करू शकत नाही, वरून लाईट गेली की तोही बंद. म्हणून हा लेख, ज्यांना इन्सुलेशन म्हणजे काय हेच माहीत नाही आणि ते करणारा माणूस कसा शोधायचा, त्याच्याशी काय बोलायचं हेही माहीत नाही त्यांच्यासाठी.

वाचून लगेच ठेकेदाराला फोन लावू नका, आधी आपलं घर नीट बघा.

गर्मी येते कुठून

आपला भाग साधारण १९ ते २१.५ अंश अक्षांशात येतो, त्यामुळे मेच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत कधीतरी एक दिवस असा येतो की सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. नागपूरकडे हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, नवतपा लागतो त्याच सुमाराला. याचा अर्थ साधा आहे, ज्या दिवसांत सगळ्यात जास्त तापते त्याच दिवसांत ऊन भिंतींवर कमी आणि छतावर सरळ पडते. एकमजली घराला, आणि गावातली बहुतेक घरं एकमजलीच आहेत, सगळ्यात जास्त मार वरून बसतो. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधी छतावर लावा. भिंतींमध्ये फक्त पश्चिमेची भिंत त्रास देते, तिच्याबद्दल शेवटी बोलू.

आता टिन आणि स्लॅब दोन्ही तापतात पण वेगवेगळ्या पद्धतीनं. टिनाचा पत्रा अर्धा-पाऊण एमएम जाड, त्यात अडवायला काहीच नाही, सकाळी नऊला ऊन पडलं की दहा वाजेपर्यंत खाली डोक्याला चटका जाणवतो, पण सूर्य मावळला की तासाभरात थंडही होते. स्लॅबचं उलटं आहे. स्लॅब दिवसभर ऊन पीत राहते आणि काही तासांनी ते खाली सोडायला लागते, म्हणून संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवा फेकत असतो. तुम्हाला दुपारी जास्त त्रास होतो की रात्री, हे एका वहीत चार-पाच दिवस लिहून ठेवा, ठेकेदाराशी बोलताना हेच कामात येते.

आधी स्वस्तातलं करून बघा

इन्सुलेशनच्या आधी पांढरं छत. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात मारले तरी फरक पडतो कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो, आत शिरूच देत नाही. चुना रात्रभर भिजवायचा, भिजताना तो उकळतो म्हणून लेकरांना आणि गुराढोरांना लांब ठेवायचं, डोळ्यावर चष्मा पाहिजेच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गाळून त्यात थोडं फेविकॉलसारखं चिकट मिसळायचं म्हणजे हाताला पांढरं लागत नाही आणि जरा टिकते. एका पावसाळ्यानंतर परत मारावा लागतो हे धरून चला.

टिनावर मात्र चुना मारू नका, गुळगुळीत पत्र्यावर तो धरतच नाही, पापुद्रे निघतात. टिनासाठी बाजारात कूल रूफ पेंट मिळतो. गंज घासून काढायचा, धुवायचा, प्रायमर मारायचा, मग दोन कोट. नवीन चकचकीत पत्रा असेल तर प्रायमरशिवाय कोणताच रंग टिकत नाही, मिस्त्री म्हणाला लागत नाही तरी ऐकू नका. डब्यावर एसआरआय म्हणून एक आकडा असतो, उन्हात छत किती कमी तापते याचा तो आकडा, काळ्या पृष्ठभागाला ० आणि पांढऱ्याला १०० अशी ती मोजणी आहे, ८० च्या आसपास किंवा वर असलेला घ्या. आकडाच छापलेला नसेल तर तो साधा पांढरा रंग समजा आणि साध्या रंगाचेच पैसे द्या.

पांढऱ्या छतामुळे खोलीत साधारण २ ते ५ डिग्रीचा फरक पडतो. जो माणूस म्हणते की वीस डिग्री कमी होईल, तो छताच्या वरच्या पृष्ठभागाबद्दल बोलून राहिला आहे, खोलीबद्दल नाही. पृष्ठभाग खरंच तेवढा कमी तापू शकतो पण तुम्ही काही छतावर झोपलेले नसता. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये सरकारी कूल रूफ पॉलिसीच आणली, आपल्यासारखंच तापणारं राज्य आहे ते, म्हणजे ही काही हवेतली गोष्ट नाही. फक्त धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून दरवर्षी होळीच्या आधी एकदा छत झाडून धुऊन घ्या.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे हिरवी शेडनेट. पण ती छताला चिकटवून टाकू नका, दोन-तीन फूट वर बांबू-बल्ल्यांवर ताणा म्हणजे मधून वारा जाईल. अवकाळी वादळात ती उडून महावितरणच्या तारेवर जाऊ नये इतकी घट्ट बांधा.

एवढं करून एक उन्हाळा काढला आणि तरीही घरात थांबवत नसेल, किंवा घरात आजारी माणूस, बाळंतीण, तान्हं बाळ असेल, तर मग इन्सुलेशनचा विचार करा.

इन्सुलेशन म्हणजे नेमकं काय

गर्मी अडवणारा थर, बस. बहुतेक मालामध्ये हवेचे किंवा गॅसचे बारीक बारीक कप्पे असतात आणि थांबलेली हवा गर्मी पुढे जाऊ देत नाही. किती फरक पडतो ते बघा: एक्सपीएस नावाचा जो कडक फोमचा बोर्ड येतो (निळा, गुलाबी, हिरवा असा कंपनीनुसार रंग राहतो) तो ५० एमएम जाडीचा, म्हणजे दोन इंच, लावला तर तेवढीच गर्मी अडवायला काँक्रीट साधारण अडीच मीटर जाड लागेल. म्हणून जो मिस्त्री म्हणते की "भाऊ, वरून अजून चार इंच कोबा टाकून देतो, थंड राहील", त्याचं गणित चुकीचं आहे. कोब्यानं गर्मी अडत नाही, फक्त उशिरा येते आणि स्लॅबवर वजन वाढते ते वेगळं.

माल कोणते येतात ते थोडक्यात सांगतो. थर्माकोल सगळ्यांना माहीत आहे, त्याचं नाव ईपीएस, स्वस्त आहे पण टीव्हीच्या खोक्यात येते तो थर्माकोल घराला चालत नाही, इन्सुलेशनच्या थर्माकोलसाठी आयएस ४६७१ म्हणून भारतीय मानक आहे, त्यातला आणि एफआर म्हणजे आग लवकर न धरणारा मागायचा. एक्सपीएस जास्त कडक आणि पाणी फार कमी पितो म्हणून स्लॅबच्या वर टाकायला चांगला. पफ म्हणजे पॉलीयुरेथेन, सगळ्यात जास्त गर्मी अडवतो, दोन पत्र्यांच्या मध्ये भरून सँडविच पॅनल म्हणून येतो, कोल्ड स्टोरेजमध्ये तोच असतो. रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेला लोकरीसारखा माल, जळत नाही, पण ओला झाला की काम करत नाही आणि लावताना अंगाला खाजवतो. आणि ॲल्युमिनियम फॉइलचा बबल शीट, पातळ, गुंडाळीत येतो, पोल्ट्रीवाले सर्रास लावतात.

या फॉइलबद्दल जरा जास्त सांगतो कारण गावात सगळ्यात जास्त हाच विकला जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचा हाच लावला जातो. फॉइल गर्मी अडवते ती जाडीनं नाही, चमकणाऱ्या बाजूनं, आणि चमकणाऱ्या बाजूसमोर मोकळी हवा पाहिजे. ती फॉइल दोन वस्तूंमध्ये दाबून, चिकटवून टाकली की चमकण्याचा काही उपयोग राहत नाही. म्हणून पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये कमीत कमी एक इंच जागा सोडून ताणून लावायची, आणि खालची बाजू, म्हणजे खोलीकडची, चमकणारी ठेवायची, तिच्यावर धूळ बसत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं काम करते. खालून परत रंग मारू नका, रंग लागला की ती साध्या कागदासारखी झाली. जोड टेपनं बंद करायचे, नाही तर थंडीत सकाळी पत्र्याखाली दव जमते ते टपकत राहते.

कोणत्या घराला काय

*टिनाचं घर.* पैसा कमी असेल तर वरून कूल रूफ पेंट आणि खालून वर सांगितलं तशी फॉइल. थोडा जास्त असेल तर पत्र्याच्या खाली जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्यांची फ्रेम करून, मध्ये दोन-तीन इंच हवा सोडून, रॉकवूल किंवा एक्सपीएस आणि खाली सिमेंट बोर्ड. ही मधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवायची, खाली ओसरीच्या बाजूला आणि वर आढ्याजवळ, जाळी लावून, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि उंदीर-खारी आत जात नाहीत. जाळी विसरले तर उंदीर थर्माकोल कुरतडून दोन वर्षांत भुगा करून ठेवतात. घराची उंची आधी मोजा, फॉल्स सीलिंग केल्यावर खाली निदान साडेआठ-नऊ फूट राहिलं पाहिजे, पंखाही लागतो. पत्रेच जुने झाले असतील, गंजून भोकं पडली असतील तर खाली खर्च करू नका, सरळ पफचे रूफ पॅनल टाकायचा हिशोब काढा. महाग पडते, पण एकाच कामात छत आणि इन्सुलेशन दोन्ही होते.

*सिमेंटचा पत्रा.* इथं हात जोडून सांगतो, जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस राहते, त्याची बारीक धूळ फुफ्फुसात गेली तर बऱ्याच वर्षांनंतर गंभीर आजार होतात. ग्राइंडरनं कापू देऊ नका, कोरडा घासू देऊ नका, भोक पाडायचंच असेल तर पाणी मारून आणि तोंडावर चांगला मास्क लावून. आणि त्यावर कोणालाही सरळ चालू देऊ नका, तो पत्रा वरून मजबूत दिसतो आणि अचानक फुटून माणूस खाली येतो. फळी टाकूनच चढायचं. या पत्र्याला न छेडता खालून स्वतंत्र फ्रेमवर सीलिंग करणं सगळ्यात चांगलं.

*कवेलूचं घर.* ज्यांचं अजून कवेलूचं आहे त्यांनी ते काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी फेरावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही, सगळं खरं आहे, म्हणूनच लोकांनी टिना टाकल्या. पण कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि जाड मातीची भिंत दुपारभर थंड राहते, हे टिनाखाली कधीच मिळत नाही. कवेलूच्या खाली बांबूचा तट्टा ठोकून घ्या, वरून मातीचा लेप द्या, बुरूड कारागीर अजूनही बऱ्याच गावांत आहेत त्यांना काम मिळेल. माकडांसाठी वरून जाळी ताणता येते.

*स्लॅबचं घर.* स्लॅबला इन्सुलेशन वरून टाकलेलं कधीही चांगलं, कारण मग स्लॅब तापतच नाही. खालून फॉल्स सीलिंग केली तर खोलीला आराम मिळतो पण स्लॅब वर तापत-फुगत राहते. वरच्या कामाचा क्रम असा: आधी भेगा भरायच्या, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी साचवून निदान ४८ तास टेस्ट, खाली कुठं ओल आली का ते बघायचं, मगच एक्सपीएसचे बोर्ड, जोड एका रेषेत न येऊ देता विटेच्या बांधकामासारखे, त्यावर प्लास्टिक किंवा जिओटेक्सटाइलचा (बांधकामात वापरायच्या जाड कापडाचा) थर, मग जाळी टाकून दोन इंचाचं काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे किंवा पांढरा कोट. उतार पाइपाकडे पाहिजे, शंभर फुटाला एक फूट तरी. वरच्या काँक्रीटला सात दिवस तरी नीट तराई करा, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवा.

वॉटरप्रूफिंग न करता इन्सुलेशन टाकणाऱ्याला घरात उभं करू नका. एकदा वरून सगळं झाकलं की गळती नेमकी कुठं आहे ते कोणाला सापडत नाही, सगळं फोडावं लागते.

आणि वजन. दोन इंच काँक्रीटचंच दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर वजन होते. स्लॅब जुनी असेल, खालून प्लास्टर पडून सळ्या दिसत असतील तर वरून काहीच चढवू नका, आधी तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या इंजिनिअरला दाखवा, तोपर्यंत फक्त पांढरा कोट.

कापूस घरात ठेवता का

हा वेगळा मुद्दा घेतला कारण शहरातल्या लोकांना हे माहीत नसते. आपल्याकडे भाव वाढेपर्यंत कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवतात, कधी कधी होळीपर्यंत. ज्या खोलीत कापूस आहे, किंवा जिथं चूल पेटते, त्या खोलीच्या छताला साधा थर्माकोल अजिबात लावू नका. तो वितळून पेटलेले थेंब खाली टाकतो आणि खाली कापूस असेल तर काही वाचत नाही. तिथं रॉकवूल आणि सिमेंट बोर्ड, दुसरं काही नाही. सीलिंगच्या वरून वायर जात असेल तर ती पाइपातूनच पाहिजे आणि वायरचा एकही जोड सीलिंगच्या आत दबलेला नको.

एफआर थर्माकोल खरा आहे का ते बघायचं असेल तर हाताएवढा तुकडा घेऊन वावरात किंवा मोकळ्या जागेत, घरापासून आणि कडब्यापासून दूर, चिमट्यात धरून पेटवा. ज्योत बाजूला केली की एफआर विझतो, साधा जळतच राहतो. धूर नाकात जाऊ देऊ नका.

मोजमाप स्वतः करा

टेप घ्या आणि पोराला सोबत घेऊन छत मोजा. टिनाचं मोजताना खालच्या फरशीचं माप चालत नाही, उताराची लांबी धरायची आणि बाहेर निघालेले पत्रेही. स्लॅब असेल तर कठड्याच्या आतलं माप.

समजा घरकुलाचं छोटं घर आहे, छत २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एक्सपीएसचा बोर्ड बहुतेक १२५० बाय ६०० एमएमचा येतो, म्हणजे पाऊण चौरस मीटर. २५ भागिले ०.७५ केलं की ३४ बोर्ड, तुटफूट धरून ३६. आता ठेकेदारानं ५० बोर्ड लिहिले तर तुम्ही विचारू शकता की बाकीचे कुठं लागणार.

भाव कोणत्या मापात सांगतो हे नीट ऐका. कोणी चौरस फुटात सांगते, कोणी ब्रासमध्ये, आणि ब्रास म्हटलं की क्षेत्रफळाला १०० चौरस फूट पण रेतीला १०० घनफूट. जाडी मिस्त्री लोक सूतमध्ये सांगतात, आठ सूत म्हणजे एक इंच, तर "चार सूतचा माल" म्हणजे जेमतेम १२ एमएम, आणि तुमच्या डोक्यात असते ५० एमएम. सगळं एमएम आणि चौरस फुटात लिहून मागा.

माणूस कसा शोधायचा

गावातला गवंडी कितीही चांगला असला तरी हे काम त्यानं केलेलं असेलच असं नाही. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तालुक्यात कोणाकोणाकडे पोल्ट्री शेड आहे, संत्र्याचं कोल्ड स्टोरेज आहे, नवीन जिनिंगचं शेड झालं आहे, तिथं जाऊन विचारायचं की छताचं काम कोणी केलं. हे लोक नागपूर, अमरावती, अकोल्याहून माणसं आणतात आणि त्यांचे नंबर ठेवून असतात. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून बोलावलं तर एवढ्या दूर यायला तोही तयार होतो आणि गाडीभाडं वाटून जाते, एकट्या छोट्या घरासाठी बरेच जण येतच नाहीत.

त्यानं केलेलं काम मेच्या दुपारी जाऊन बघा. डिसेंबरात बघून काही कळत नाही. छताखाली उभे राहा, डोक्यावर चटका जाणवतो का, सीलिंगला हात लावा, आणि घरच्या बाईला विचारा, कारण दुपारभर घरात तीच असते. पावसाळ्यात गळलं का, बोलावल्यावर तो परत आला का, हेही तिथंच विचारून घ्या. काही लोक बंदुकीसारखं थर्मामीटर घेऊन येतात आणि फॉइलवर धरून "बघा किती थंड" दाखवतात. चमकणाऱ्या पृष्ठभागावर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवते. फॉइलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजायला सांगा.

निदान तिघांकडून भाव घ्या आणि तिघांना माल एकच सांगा, नाही तर एक २५ एमएमचा भाव देते, दुसरा ५० एमएमचा, आणि आपल्याला पहिला स्वस्त वाटतो. फोनवर भाव देणाऱ्यावर जाऊ नका, जो येऊन, छतावर चढून, खालून ओल बघून, मग बोलते तोच कामाचा.

बोलणं साधारण असं ठेवा: "दादा, माल कोणत्या कंपनीचा, किती एमएम, डेन्सिटी किती? वॉटरप्रूफिंग तुम्हीच करणार की वेगळा माणूस? पाणी साचवून टेस्ट देणार का? पत्र्याला भोक पाडणार असाल तर ते बंद कसं करणार? आमच्याकडे वादळ येते, पॅनलला स्क्रू किती अंतरावर?" डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर माल किती किलो भरतो तो आकडा. ज्याला काम येते तो या प्रश्नांनी खुश होतो. जो चिडते किंवा "काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका" एवढंच म्हणत राहते त्याला चहा पाजून नमस्कार करा.

कागदावर काय पाहिजे

व्हॉट्सॲपवर आलेला एक आकडा म्हणजे कोटेशन नाही. लेटरहेडवर हे सगळं पाहिजे: मालाचं नाव आणि कंपनी, जाडी एमएममध्ये, डेन्सिटी, किती चौरस फूट, मालाचा आणि मजुरीचा भाव वेगळा, गाडीभाडं कोणाकडे, पाड (उभं राहून काम करायचं मचाण) बांधायचं लाकूड कोणाचं, मलबा कोण उचलणार, काम किती दिवसांचं, जीएसटी धरून की वेगळा, आणि गॅरंटी कशाची व किती वर्षांची. रंगाच्या कंपनीची गॅरंटी आणि लावणाऱ्याची गॅरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गळती झाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात म्हणून लावणाऱ्याची लेखी घ्या. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून बघितला की कोणाच्या नावावर आहे ते दिसते.

पैसे एकदम देऊ नका. सुरुवातीला थोडे, माल तुमच्या अंगणात उतरल्यावर मालाचे, काम अर्धं झाल्यावर काही, आणि निदान दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत तुमच्याकडे. हे आधीच कागदावर लिहा म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही. शक्य तितके पैसे खात्यातून द्या.

माल आला की

माल उतरवताना घरचं कोणीतरी हजर पाहिजे. टेपनं जाडी मोजा. मग वजन करा, कापसाचा वजनकाटा असतोच घरात. १२५० बाय ६०० बाय ५० एमएमचा एक्सपीएस बोर्ड, डेन्सिटी ३२ सांगितली असेल तर साधारण १.२ किलो भरला पाहिजे. आठशे-नऊशे ग्रॅमच भरला तर माल हलका आहे, परत पाठवा. एका बोर्डवर जाऊ नका, चार-पाच एकत्र मोजून भाग द्या. पफ पॅनलला डेन्सिटी ४० च्या आसपास सांगतात, त्याचं कापलेलं टोक बघा, मध्ये पोकळी किंवा पत्र्यापासून फोम सुटलेला नको.

बोर्ड उन्हात उघडे ठेवू नका, उन्हानं ते पिवळे पडून भुगा सुटते, काळ्या ताडपत्रीखालीही नको कारण आत इतकं तापते की वाकतात. गोठ्यात किंवा सावलीत ठेवा. आणि सनमायकाचा जो वासाचा डिंक असतो तो थर्माकोलला किंवा एक्सपीएसला लावू देऊ नका, बोर्ड जागेवर विरघळतो.

कामाचे दिवस

फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा काळ. तूर घरात आलेली असते, पाऊस नाही, ऊन सहन होण्यासारखं असते. मेमध्येच करावं लागलं तर मजुरांना सकाळी लवकर आणि संध्याकाळी काम द्या, दुपारी बारा ते चार छतावर माणूस चढवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. माठ भरून पाणी, मीठ-साखर, सावली, हे आपल्याकडून. घरावरून किंवा जवळून तार गेली असेल तर लांब पत्रा वर चढवायच्या आधी लाइनमनला बोलावून बंद करून घ्या. उतारावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर पाहिजे, ठेकेदार नाही म्हणाला तर काम थांबवा.

प्रत्येक थर झाकायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. पुढे गळती झाली तर कुठं काय आहे ते फोटोतच दिसेल. बोर्डांच्या जोडात बोट जाईल एवढी फट दिसली तर तिथेच थांबवून भरून घ्या, गर्मी फटीतून येते.

झाल्यावर कूलरचं काय

बऱ्याच लोकांना वाटते इन्सुलेशन केलं की खिडक्या बंद करून बसायचं. एसी असेल तर हो. पण आपल्याकडे कूलर आहे, आणि कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घेऊन दुसरीकडून बाहेर सोडावी लागते. सगळं बंद केलं तर ओलावा कोंडतो, घाम सुकत नाही, आणि लोक म्हणतात इन्सुलेशन करून फसलो. कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका किंवा खिडकी उघडी ठेवा. कूलर सावलीच्या बाजूला लावा. लाईट गेल्यावर मात्र दुपारी दारं-खिडक्या ओढून घ्या, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, आणि रात्री सगळं उघडा.

पश्चिमेच्या भिंतीसाठी मोठा खर्च लागत नाही. भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून तुराट्यांचा किंवा बांबूचा तट्टा उभा करा, किंवा सपरी काढा, जागा असेल तर कडुनिंब लावा. ऊन भिंतीला लागलंच नाही की भिंत तापत नाही.

थंडीतही याचा फायदा होतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री दहा डिग्रीच्या खाली जाते तेव्हा तोच थर आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. नुसत्या पांढऱ्या रंगाला हे जमत नाही.

पहिला पाऊस पडला की बॅटरी घेऊन प्रत्येक कोपरा बघा, कठड्याचा कोपरा, पाइपाचं तोंड, पत्र्याचे स्क्रू. ओल दिसली तर तारीख दिसेल असा फोटो काढून त्याच दिवशी ठेकेदाराला पाठवा, आणि तो येऊन दुरुस्ती करून दुसरा मोठा पाऊस निघेपर्यंत राखून ठेवलेले दहा टक्के देऊ नका.